नव्या पेठेतलं मागचं दार

उन्हं अंगणात उतरायच्या वेळेला जुन्या गल्लीतली शेजारीण मैनाबाई फुलांची टोपली घेऊन मागच्या बोळातून यायची, आणि मनकर्णा कडी काढून उंबऱ्याशी तिची वाट बघत बसलेली असायची. देवापुरती शेवंती, दारापुरता झेंडू. माळ्याच्या घरी फुलं विकत! मैनाबाई रोज हे मनातल्या मनात म्हणायची आणि रोज हसू दाबायची. ज्या घराच्या मळ्यातली फुलं अंबादेवीच्या देवळाबाहेर टोपल्या भरभरून विकली जात, त्याच घराला आता पूजेपुरती फुलं दुसऱ्याकडून घ्यावी लागत होती. कारण मळ्यात आता कापूस होता.

अमेरिकेत कुठे लढाई जुंपली आणि अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला. नत्थुजी माळी हुशार गडी. शेवंती उपटून त्यानं कापूस पेरला, मग शेजाऱ्यांचाही कापूस घेऊन गाड्या मुंबईला धाडू लागला, आणि दोन वर्षांत माळीपुरा सोडून नव्या पेठेत राहायला आला. बिऱ्हाड हलवताना जातं आलं, देव आले, म्हैस आली. म्हातारी आई गोदाबाई आली, बायको आली, आठ वर्षांची लेक सुभद्रा आली, आणि पटकीनं गेलेल्या धाकट्या भावाची, किसनची, विधवा बायको मनकर्णाही आली. मागं राहिली ती फक्त शेजारीपाजारी माणसं.

माळीपुऱ्यात दारं लावायची रीतच नव्हती. एकीच्या चुलीवर भाजी करपली की चौघी ओरडायच्या. भांडण झालं तर सगळ्या गल्लीला कळे, आणि संध्याकाळी हार ओवायला त्याच भांडणाऱ्या पुन्हा मांडीला मांडी लावून बसत. नव्या पेठेत घरं मोठी, ओटे रुंद, आणि ओट्यावर बाईमाणूस औषधाला दिसायचं नाही. शेजारणीचं नाव कळायला सहा महिने लागले, तेही मोलकरणीकडून. इथे सराफ, अडते आणि सावकार राहत. त्यांच्या बायका पालखीतून जात आणि पडद्याआडून बोलत. नत्थुजीच्या घरानं हे सगळं महिन्याभरात उचललं. माणूस श्रीमंत झाला की आधी भाषा सुधारतो म्हणतात. नत्थुजीची भाषा तशीच राहिली, रीत तेवढी बदलली.

रीत बदलली ती मनकर्णाच्या मुळावर आली. तरण्या विधवेनं पुढच्या दारी दिसायचं नाही. मागचं दार, त्यापुढचा बोळ, बोळातून वाहणारी मोरी आणि पहाटे झाडायला येणारी माणसं, एवढीच तिची नवी पेठ. त्या पेठेचा रस्ता कसा दिसतो हे तिला वर्ष झालं तरी ठाऊक नव्हतं.

पण ती ते सोसत होती, कारण तिला एक शब्द मिळालेला होता.

किसन गेला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. माळी-कुणब्यांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे तिचं दुसरं लग्न होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. अट एकच, मेलेल्या नवऱ्याच्या घरानं तिला मोकळी केली पाहिजे. तेराव्या दिवशी माळीपुऱ्यातले पाच पंच बसले, आणि नत्थुजीनं देवीच्या हाराला हात लावून सांगितलं, "वरीस झालं का मी हिचा पाट लावून देतो. हे माही लहान बहीन हाय."

आणि त्या दिवशी सासूनं तिला मांडीवर घेतलं होतं. गोदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली होती, "रडू नोको पोरी. मले पाह्य. माहा पयला नवरा मेला तवा मी सतरा वर्सांची होतो. पाट लावला, या घरी आलो. नत्थू झाला, किसन झाला. माहा संसार झाला तसा तुहाबी होईन." मनकर्णा त्या वाक्याच्या जिवावर जगली होती.

वर्ष सरता सरता मागणंही आलं. चंद्रभान हा त्यांच्या मळ्याशेजारचा माळी. बायको बाळंतपणात गेलेली, माणूस कमी बोलणारा. मनकर्णा मळ्यात कापूस वेचायला जायची तेव्हा तो आपल्या वाफ्यातली चांगली टपोरी शेवंती बांधावर ठेवून द्यायचा आणि मोट हाकायला निघून जायचा. दोघांत याहून जास्त काही झालं नव्हतं. तरी मैनाबाईनं त्याचं नाव काढलं तेव्हा मनकर्णाचे कान तापले होते. ती लाजली होती, हे उघड सांगायला हरकत नाही. विधवेनं लाजू नये असं माळीपुऱ्यात कुणी तिला शिकवलं नव्हतं.

पुढे बिऱ्हाड हललं. नत्थुजी म्हणाला, घर लागू द्या, मग पाहू. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. मनकर्णा थांबली होती.

त्या वैशाखातल्या सकाळी घरात गडबड होती. सुभद्रेला बघायला अकोल्याहून शेषराव नावाचे गब्बर पाहुणे आपल्या मुलासाठी बैलांच्या दमणीतून यायचे होते. मैनाबाई टोपली घेऊन आली आणि फुलं देऊन झाली तरी उठेना. शेवटी म्हणाली, "एक इचारू का वं? तू चंद्रभानले नाई काहून म्हनलं?"

"मी? कवा?"

"पौषात. तुह्या सासूचा निरोप आला ना. मनकर्णा म्हनते, मले पाट नाई पायजे, मी किसनच्याच नावानं राह्यतो. त्यानं दोन डाव इचारलं, खरंच तिनंच म्हनलं काय? मंग फागुनात त्यानं मूर्तिजापूरकडची बाई केली."

मनकर्णानं फुलं खाली ठेवली.  मग ती एवढंच म्हणाली, "आत्याबाईंनी धाडला निरोप?"

"हो माय. मले वाटलं तुले ठाव असन."

नत्थुजीनं फसवलं असतं तर ती चिडली असती, त्याला चार शिव्या मनात दिल्या असत्या. पण म्हातारीनं! जिनं स्वतःचं आयुष्य दाखवून धीर दिला, तिनंच हिच्या तोंडी खोटं घालून दार लावून घेतलं, आणि वर चार महिने रोज हिच्या हातचं जेवली. किसन गेला त्या दिवशीही मनकर्णाला एवढं लागलं नव्हतं.

पाहुणे आले. मनकर्णा माजघरात दाराआड उभी होती. बैठकीत सुभद्रा मोठं लुगडं सावरत बसली होती. निऱ्यांत तिचे पाय दिसत नव्हते. शेषरावांनी पोरीचं नाव विचारलं, हात बघितले, आणि मग सुपारी फोडत नत्थुजीला म्हणाले, "एक गोष्ट इचारून घेतो, राग मानू नोका. तुमच्या घरात पाट-बीट तं कोनाचा झाला नाई ना? आमी आता बड्या लोकाईत उठतो-बसतो. लोकं लई खोदून इचारतात."

"राम राम! आमच्या घराण्यात आजवर पाट नाई," नत्थुजी म्हणाला. "धाकटी सून हाय आमची. चांगल्या घरचं मांगनं आलं होतं, तं तिनंच सोताहून नाई म्हनलं. मले धनी एकच, म्हने."

शेषराव खूश झाले. कोपऱ्यात बसलेल्या गोदाबाईकडे वळून म्हणाले, "धन्य हाय माय तुमची. असं वळन लावलं सुनेले."

गोदाबाईनं पदर पुढे ओढला. "आमच्यात नाई बापा ते," ती म्हणाली.

वऱ्हाडात भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, सून कधी तोंड उघडून बोलत नाही. काही सांगायचं तर भिंतीकडे बघून, लेकराच्या नावानं सांगते. मनकर्णा दहा वर्षांत नत्थुजीशी एक शब्द सरळ बोलली नव्हती. ती दाराबाहेर आली, बैठकीत उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली,

"भासरेबुवा, मी नाई म्हनलं नव्हतं."

नत्थुजीच्या हातातलं पान हातातच राहिलं.

"माह्या नावानं जो निरोप गेला तो माहा नव्हता. तुमी देवीच्या हाराले हात लावून शब्द देल्ला होता. पाच पंच होते, आख्खी गल्ली होती. मी तुमाले कवा काई मांगतलं नाई. तो एक शब्द होता माह्यापाशी."

"आत जाय!" नत्थुजी ओरडला. "पाव्हनेहो, नवरा मेल्यापासून डोकं जाग्यावर नाई तिचं."

मनकर्णा सासूकडे वळली. "आत्याबाई, तुमी तं सांगा. तेराव्या दिवशी माह्या पाठीवर हात ठेवून काय सांगतलं होतं? सांगा ना."

म्हातारीचे ओठ हलले. सगळी बैठक तिच्याकडे बघत होती. मग ती हळूच म्हणाली, "पोरी, पाव्हने हायेत. आत जाय."

एका वाक्याचं काम होतं. ही समोर बसलेली म्हातारीच पाटाची आहे, एवढं म्हटलं असतं तर शेषराव सुपारी टाकून उठले असते. मनकर्णाच्या ओठावर ते आलंही होतं. पण गोदाबाईनं आपला पाट तिला कधी चोरून सांगितला नव्हता, लेकीला सांगावा तसा सांगितला होता. तोच आता शिवीसारखा तिच्या तोंडावर फेकायचा? आणि मध्ये ते पोर बसलेलं, मोठ्या लुगड्यात. मनकर्णाला ते जमलं नाही.

ती वळली आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. नव्या पेठेचा रस्ता तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. रुंद होता, स्वच्छ होता, दोन्ही बाजूंचे ओटे रिकामे होते. भर दुपारी डोक्यावर पदर घेऊन ती त्या रस्त्याच्या मधोमध चालत माळीपुऱ्यात आली आणि मैनाबाईच्या घरी उतरली.

माळीपुऱ्यानं तिला डोक्यावर घेतलं असेल असं कुणाला वाटत असेल, तर तसं झालं नाही. बायकांनी जागा दिली, भाकर दिली. पण पाच पंचांपैकी चौघांचा कापूस नत्थुजीच्या गाड्यांतून मुंबईला जात होता. त्यांना तो तेरावा दिवस काही केल्या आठवेना. पाचवा म्हातारा होता, त्याला आठवत होतं, पण त्याला ऐकू कमी येई, आणि त्याचं तर कुणीच ऐकत नसे. चंद्रभान एकदा मळ्याच्या बांधावर भेटला. "मले खरं वाटलं," तो म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याची नवी बायको विहिरीवर पाणी भरत होती. मनकर्णा म्हणाली, "तुमची चूक नाई," आणि पुढे गेली. घरी येऊन मात्र ती खूप रडली.

ती देवळाबाहेर हार ओवू लागली. शेषरावांनी 'डोकं जाग्यावर नाही' हे मान्य करून टाकलं होतं. लोकांना सोयीचं असलं की असलं काहीही पटतं. ज्येष्ठात सुभद्रेचं लग्न झालं आणि पोर अकोल्याला गेली. दर मंगळवारी गोदाबाई देवीला यायची, मनकर्णाकडूनच हार घ्यायची, काही न बोलता निघून जायची. मनकर्णाही हार द्यायची. आत्याबाई म्हणून हाक मात्र तिनं पुन्हा मारली नाही.

पुढच्या वर्षी भादव्यात अकोल्याला पटकीची साथ आली. शेषरावांचा बारा वर्षांचा मुलगा, सुभद्रेचा नवरा, दोन दिवसांत गेला. पांढऱ्या पायाची म्हणून सुभद्रेला महिन्याच्या आत माहेरी आणून सोडलं. ती तेव्हा दहा वर्षांची होती.

त्या मंगळवारी गोदाबाई आली ती हारासमोर बसूनच राहिली. वर्षभरात ती फार म्हातारी झाली होती.

"मागच्या दारात बसवतात वं तिले," ती म्हणाली. "तुह्याच जागी. नत्थू म्हनते, पाटाचं नावबी काढू नोका, आपल्यात नाई म्हनून आपनच सांगतलं हाय. मनकर्णा, तुहे पाय धरतो. तू आता बोल. त्या दिवशी नाई बोलली ते भर पेठेत बोल."

"मी काहून बोलू?" मनकर्णा म्हणाली. "जलम तुमचा हाय. ओट्यावर उभं राहून तुमी सांगा, मी पाटाची हाय, माहे पोरं पाटाचे हायेत. मंग तिले कोन अडवते पाहू. मी येतो तुमच्यासंगं. तुमचा हात धरून उभी राह्यतो."

 गोदाबाईनं हार उचलला आणि ती निघाली. मनकर्णा उठून कोपऱ्यापर्यंत गेली. नव्या पेठेच्या तोंडाशी म्हातारी थांबली. डावीकडे मोठा रस्ता होता, उजवीकडे बोळ. ती बोळात शिरली.

मनकर्णाला वाटलं होतं, आता ही बाई आपल्याला आणखी दुखवू शकणार नाही. तेही खोटं ठरलं.

रात्रभर ती त्या बैठकीचाच विचार करत होती. मी त्या दिवशी गप्प राहिले ते म्हातारीची अब्रू सांभाळायला, आणि किंमत मोजतंय ते लेकरू. आपल्या चांगुलपणाचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाईची टोपली मनकर्णानं घेतली. बोळात मोरी तशीच वाहत होती. उंबऱ्यावर सुभद्रा बसली होती, कपाळ उघडं, हात मोकळे, मातीत बोटानं काही काढत. काकूला बघून ती उठली आणि लगेच दाराकडे बघून पुन्हा बसली. पुढं यायचं नाही, एवढं ती शिकली होती.

मनकर्णा तिच्याशेजारी मोरीच्या कडेला बसली. फुलांची ओंजळ तिच्या ओच्यात घातली, दोऱ्याचं टोक हातात दिलं, आणि आतल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आईक सुभद्रा. तुही आजी सतरा वर्सांची असतानी तुह्यासारखीच झाली होती. मंग तिचा पाट लागला. तिनं संसार केला, तुहा बाप जलमला, म्हनून तू जलमली. आपल्यात पाट लागते. आपल्यात नाई असं जो म्हनन, त्याले म्हन, आजीले इचारा. मी रोज येईन आन् रोज हेच सांगीन, तू मोठी होतवर."

सुभद्रेनं वळून आत पाहिलं. "खरं हाय का वं आजी?"

दाराआड गोदाबाई उभी होती. कालचा हार अजून तिच्या हातातच होता. 

म्हातारी 'हो' म्हणाली नाही. पण या खेपेला तिनं 'नाही' म्हटलं नाही.