माझ्या पोटातले दहा अल्बम

मी पेन ड्राइव्ह बोलतोय. बत्तीस जीबीचा, काळा, टोपण हरवलेला. मुक्काम वणी, कोळशाच्या एका टिप्परमध्ये. दिसायला बोटाच्या पेराएवढा असलो तरी माझ्या पोटात दहा अल्बम आहेत, आणि ते वाजू लागले की टिप्परचं इंजिनसुद्धा लाजतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ती पायल. यवतमाळच्या आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकणाऱ्या या मुलीने मला विकत घेतलं आणि दोन वर्षं एकेक अल्बम पारखून माझ्यात भरला. मेटलकोअर आणि मेलॉडिक डेथ मेटल. नावं जड आहेत, पण प्रकरण सोपं आहे. एक माणूस घशाच्या तळातून ओरडतो, ड्रम धो धो कोसळतात, आणि त्या गदारोळावर दोन गिटारी अशी गोड चाल धरतात की दगडालाही पाझर फुटावा.

प्रत्येक अल्बमला पायलने क्रमांक दिला होता. दर महिन्याला ती क्रमांक बदलायची. पाचवा चौथा व्हायचा, आठवा नववा. बिचारी स्वतःशीच भांडायची, कारण होस्टेलात हे ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. मैत्रिणी विचारायच्या, "बाई, कोनाले मारून राह्यले यात?"

मग तिचा लॅपटॉप कायमचा बंद पडला. अल्बम उरले ते फक्त माझ्यात, आणि त्यातले तीन तर आता इंटरनेटवरही सापडत नव्हते. जपून राहावेत म्हणून तिने मला वणीला घरी आणलं आणि घरोघरी महत्त्वाच्या वस्तू जिथे ठेवतात तिथे, म्हणजे फ्रिजवर ठेवून ती होस्टेलला परतली. घोळ झाला तो इथेच. फ्रिजवरची वस्तू सगळ्या घराची असते.

पायलचे वडील रवीभाऊ टिप्पर चालवतात आणि सुट्टीला भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवतात. त्यांनी मला उचलून खिशात टाकलं. रविवारी मोबाइलच्या दुकानात गाणी भरून घेऊ, तोवर आत असेल ते वाजू दे, असा त्यांचा सरळ हिशेब.

सोमवारी खाणीच्या वजनकाट्यापुढे टिप्परांची लांबच लांब रांग होती. त्यांनी मला लावलं आणि पहिल्याच आरोळीला दचकले. "कोन बोंबलून राह्यलं बाप्पा हे?" म्हणत आवाज कमी केला. बंद मात्र केला नाही. दोन तास रांगेत काढायचे तर सोबतीला काहीतरी हवंच.

मंगळवारी त्यांनी आवाज थोडा वाढवला. बुधवारी सातवा अल्बम लागला आणि त्यांची बोटं स्टिअरिंगवर पडू लागली. ती ड्रमचा पाठलाग करत होती, आणि ड्रम काही हाती लागत नव्हता. "दोघंजनं वाजवून राह्यले," ते पुटपुटले. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांना उमगलं की वाजवणारा एकच आहे, हातांबरोबर दोन्ही पायांनीही ड्रम बडवतोय. तोवर काट्यावर त्यांचा नंबर येऊन गेला होता आणि मागच्यांनी हॉर्नचा सपाटा लावला होता.

रविवारी आम्ही श्रावणच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. त्याची पद्धत ठरलेली: आधी आतलं सगळं पुसायचं, मग नवं भरायचं. नेमकं तेव्हाच पायलला आईकडून फोनवर कळलं की बाबा मला गाणी भरायला घेऊन गेले. बाबांचा फोन घरीच चार्जिंगला. ती रडतच यवतमाळहून बसमध्ये बसली.

"भाऊ, काय कचरा हाय हा? पुसून टाकतो," श्रावण म्हणाला. त्याचं बोट माऊसवर होतं. मला खरंच भीती वाटली. मला ओरडता येत नाही. माझ्यातली माणसं ओरडतात, पण ती कुणी लावल्याशिवाय नाही.

"थांब," रवीभाऊ म्हणाले. "सातवा राहू दे."

"यात तं 'पायलचे दहा' असं लिहून हाय. एकच ठेवू?"

रवीभाऊ वाकून स्क्रीनकडे पाहत राहिले. हे कुणाचं आहे ते त्यांना आत्ता कळत होतं. "माह्या पोरीचे हाय ते," ते म्हणाले. "दहाचे दहा राहू दे. भीमगीतांले दुसरा पेन ड्राइव्ह दे."

संध्याकाळी पायल धापा टाकत दारात आली. "बाबा, पुसलं का?"

त्यांनी टिप्परची किल्ली उचलली. तिला टिप्परमध्ये बसवलं आणि सातवा अल्बम लावला, पूर्ण आवाजात. "हा सातवा काहून? पहिला पाह्यजे हा. कानाले काय झालं तुह्या?"

पायल बघतच राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "बाबा, त्याचे शेवटचे दोन गाने ढिल्ले हाय."

"ढिल्ले नाई. दम घेऊन राह्यला तो मानूस."

दोघं तासभर भांडली. आईने जेवायला दोनदा हाक मारली, कुणी उठलं नाही. दोन वर्षं एकटीने भांडणाऱ्या पायलला अखेर भांडायला माणूस मिळाला होता, आणि तोही घरचाच. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

आता माझी एक प्रत पायलकडे असते आणि मी टिप्परमध्ये. वाचकहो, घरातल्या कुणाचं काही हाती लागलं तर पुसण्याआधी निदान तीनदा ऐका, एवढीच विनंती. सातवा अल्बम सध्या दुसऱ्या क्रमांकावर चढला आहे. पहिल्याचा वाद दर रविवारी रंगतो. तो कधी मिटूच नये, असं मला वाटतं.