कपाटाच्या मापाची पेटी

रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी चिनात्सूने पर्समधून घडी घातलेला कागद काढला, माझ्या पाठीवर मोजपट्टी धरली आणि सासूला म्हणाली, "आई, हीच बसते." दुकानातलं घड्याळ माझ्या समोरच्याच भिंतीवर होतं, म्हणून वेळ पक्की लक्षात आहे. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथंच झाली.

मी कुत्र्याला प्रवासात न्यायची पेटी बोलतेय. माझं अंग प्लॅस्टिकचं, वरचं झाकण फिकट हिरवं, खालचा भाग करडा. पुढे जाळीचं दार आणि वर धरायला मूठ. कारखान्यात माझे दोन अर्धे भाग एकमेकांवर ठेवून कड्या लावल्या आणि मी जन्मले. त्यानंतर चार महिने मी फळीवर बसून होते. माझ्या डाव्या हाताला खांद्यावर अडकवायची कापडी पिशवी होती, वरच्या फळीवर माझ्यापेक्षा मोठी पेटी होती. आमच्यापैकी कोणाला कोण नेणार, एवढीच काय ती आमची काळजी.

चिनात्सूला तेव्हा सातवा महिना होता. नवरा तोमोया नोकरीपायी लांबच्या शहरात एकटा राहत होता. बाळ झालं की सगळ्यांनी रेल्वेने त्याच्याकडे जायचं ठरलं होतं. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर तो बंद पेटीत हवा, डोकंसुद्धा बाहेर दिसता कामा नये. म्हणून पेटीची शोधाशोध.

दुकानातली मुलगी नम्रपणे वाकून विचारत होती की कुत्री बरोबर आणली आहे का, नसेल तर तिची उंची किती, नाकापासून शेपटीपर्यंत लांबी किती. चिनात्सू गोरीमोरी झाली. तिच्या कागदावर तीन आकडे होते, फार सुबक अक्षरात लिहिलेले. पण ते कुत्रीचे नव्हते. घरातल्या भिंतीतल्या कपाटाचा खालचा कप्पा होता, त्याची लांबी, खोली आणि उंची होती ती. त्या घरात कुठलीही वस्तू उघड्यावर राहत नसे. अंथरुणंसुद्धा सकाळी घडी होऊन कपाटात जात. तिथं नव्या वस्तूला आधी जागा बघायची, मग वस्तू घ्यायची.

दुकानातली मुलगी काही बोलणार, तेवढ्यात सासू सादाए आजी म्हणाली, "पेटी घ्यायचीय बाई, तिला किमोनो शिवायचा नाहीये."

सासूसुना दोघी हसल्या. मीही मनातल्या मनात हसले, कारण मला घर मिळत होतं.

त्या कुत्रीचं नाव किनाको. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाच्या रंगाची, म्हणून किनाको. कान टोकदार, शेपटी पाठीवर वळलेली. ती सादाए आजीची. आजोबा गेले त्या वर्षी शेजारच्या गावातून आणलेली. आजी तिच्याशी जेवढं बोलायची तेवढं माणसांशी बोलायची नाही. आणि किनाकोही वाळवलेलं रताळं फक्त आजीच्या हातून खायची, दुसऱ्याने दिलं तर नुसतं हुंगायची.

मी घरी आल्यावर तिने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत डोकं घातलं, बाहेर काढलं. मला वाटलं, आता ओळख वाढेल. पण त्याच दुपारी मी कपाटात गेले. डावीकडे बोटभर जागा, उजवीकडे बोटभर. चिनात्सूने कपाटाचं सरकतं दार लावता लावता समाधानाचा सुस्कारा टाकला. मी अंधारात.

मग मी बाहेर निघाले ती थेट जनावरांच्या डॉक्टरकडे. एकदा लस, एकदा कानातलं दुखणं, एकदा पायात घुसलेली काच. तिन्ही वेळा किनाकोला मागून ढकलून माझ्यात घातलं आणि तिन्ही वेळा माझं दार उघडलं ते सुईसमोर. ती माझ्यात थरथरायची तेव्हा माझ्या कड्या वाजायच्या. मला फार वाईट वाटायचं. पण पेटीला कुत्र्याची समजूत कशी घालता येणार?

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या की कुत्र्याला आत उभं राहून वळता आलं पाहिजे, हिला वळता येत नाही, मोठी घ्या. आणि पेटी घरात उघडी ठेवा, तिला येता जाता आत झोपू दे. चिनात्सू मान हलवत म्हणाली, हो, बदलते.

घरी आल्यावर आजीने विचारलं, "मोठी आणशील, पण ठेवशील कुठे? डोक्यावर?"

तो विषय तिथंच मिटला. पुढे डिसेंबरात बाळ झालं, मुलगी. तिचं नाव कोतोने. तिला दूध पचेना, म्हणून रेल्वेचा प्रवास आधी पुढे ढकलला, मग राहूनच गेला. चिनात्सूला रात्रंदिवस धास्ती. गॅस बंद केला का, बाळ श्वास घेतंय ना, नदीचं पाणी किती. ती काळजी करायची ती उगाच नाही. नवरा लांब, घरात एक म्हातारी, एक तान्हं, आणि घर नदीच्या बांधाला लागून.

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला आमच्या देशात घरोघर संकटाची तयारी तपासतात. चिनात्सूने यादी केली. पाण्याच्या बाटल्या, डब्यातला कडक पाव, विजेरी, बाळाचे लंगोट, दुधाची पावडर, आजीची औषधं. सगळं जमवलं आणि पुन्हा तोच प्रश्न, ठेवायचं कुठे? कपाट तर भरलेलं. तेव्हा तिची नजर माझ्यावर पडली. मी आतून रिकामी होते ना.

तिने सगळं माझ्यात नीट रचलं. बाटल्या खाली, लंगोट वर. दार लावलं. आजीसुद्धा म्हणाली, सूनबाईच्या हाताला नीटपणा आहे. मी पोटभर भरले, तसा मला थोडा अभिमानही वाटला. संकटाच्या दिवशी उचलायची ती मीच, असं दोघींच्या मनात पक्कं झालं. पण मला उचललं तर किनाको कशात बसणार, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

ऑक्टोबरातलं वादळ आलं तो शनिवार. सकाळपासून पाऊस ओतत होता. दुपारी एकच्या सुमाराला खांबावरच्या भोंग्यातून सूचना आली की म्हाताऱ्या माणसांनी आणि लेकुरवाळ्यांनी आधी निघावं, शाळेच्या सभागृहात सोय केली आहे. पाळीव जनावरं पेटीत असतील तरच आणावीत.

चिनात्सूने बाळ पाठीला बांधलं, मला कपाटातून ओढलं, आणि दार उघडताना तिचा हात थांबला. मग तिने मला सरळ पालथं केलं. बाटल्या चटईवर गडगडत गेल्या, लंगोट सगळीकडे. त्या आवाजाने बाळ रडायला लागलं. किनाको कोपऱ्यात उभी राहून बघत होती. तिला मी दिसले, माझा वास आला, सुईचा वास. तिने कान मागे पाडले.

पुढून आजी रताळं दाखवत होती, मागून चिनात्सू ढकलत होती. पुढचे पाय आत आले. मला तिचं हृदय धडधडताना कळत होतं. ती वळायला बघत होती, आणि वळायला जागाच नव्हती. तिने सगळा जोर लावून मागे झेप घेतली, पट्टा गळ्यातून निसटला, आणि ओसरीवरून उडी मारून ती घराच्या खाली शिरली. घर खांबांवर, जमिनीपासून हात-दीड हात उंच. आत अंधार.

आजी ओसरीवर पालथी पडून हाका मारत राहिली. पाऊण तास तरी गेला असेल.

मग नेमोतो आला. एरवी तो गल्लीतला न्हावी, पण अशा दिवशी डोक्यावर शिरस्त्राण घालून अग्निशमनाच्या पथकात असतो. त्याने सांगितलं, पाणी बांधावरच्या लाल खुणेला टेकलंय, आता दहा मिनिटंही नाहीत.

"तुम्ही व्हा पुढे," आजी न उठताच म्हणाली. "माझं आयुष्य झालंय जगून. ती एकटी घाबरेल."

चिनात्सूने कधी सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं. ती आजीशेजारी, ओसरीलगतच्या चिखलात गुडघे टेकून बसली. "आई, तुम्ही नाही आलात तर मी पण नाही हलणार. मग ह्या पोरीचं काय करायचं ते तुम्हीच सांगा."

आजी वळून तिच्या पाठीवरच्या बाळाकडे बघत राहिली. मग उठली. हातातलं रताळं तिने ओसरीच्या पायरीवरच्या दगडावर ठेवलं आणि चपला घातल्या.

चिनात्सूने मला रिकामीच उचललं. वाटेत मागून धावत आली तर, म्हणून. शाळेपर्यंत ती दर चार पावलांना मागे बघत होती आणि मी तिच्या गुडघ्यावर आपटत होते.

शाळेच्या व्हरांड्यात पेट्यांची रांग होती. मांजरं, दोन छोटे कुत्रे, एक ससा. यादी करणाऱ्या माणसाने खाली मान घालून जनावराचं नाव विचारलं. चिनात्सू म्हणाली, किनाको. त्याने लिहून घेतलं. मग वाकून माझ्यात बघितलं, आणि ते नाव न खोडता वही मिटली.

पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं. नेमोतोने आधी घराखाली बांबू घालून बघितलं, तिथं काही नव्हतं. मग तो आत गेला. घाईत कपाटाचं दार उघडंच राहिलं होतं. पाणी चढल्यावर किनाको घरात आली असावी. मला जिथून ओढून काढलं होतं, त्या खालच्या कप्प्यात ती सापडली. बाहेर जमिनीवर अंथरलेल्या जाड चटया भिजून फुगल्या आणि दाराशी अडकल्या, तिला निघता आलं नाही. ती अंगाचं वेटोळं करून पडली होती. तिथं मात्र तिला वळता आलं होतं.

आजीने तिला धुतलं, पुसलं, स्वतःच्या एप्रनमध्ये गुंडाळलं आणि माझ्यात ठेवलं. या खेपेला कोणी ढकललं नाही. ती नीट मावली. दहनाच्या जागेपर्यंत माझी एकही कडी वाजली नाही.

चिनात्सू रोज बोलणी खायची वाट बघत होती. आजी काहीच म्हणेना, त्याने ती आणखीच वाळत चालली. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास चिखल काढताना कपाटाच्या फटीत तो तीन आकड्यांचा कागद सापडला. शाई पसरली होती, पण आकडे वाचता येत होते. चिनात्सू तो हातात धरून रडायला लागली.

आजीने कागद तिच्या हातातून घेतला. "किमोनो शिवायचा नाहीये, असं मीच म्हणाले होते ना," ती म्हणाली. "माझी कुत्री होती. माप मी घ्यायला हवं होतं."

त्यानंतर दोघी एकमेकींशी थोडं जास्त बोलतात. पायरीवरच्या दगडावर रोज रताळ्याचा तुकडा असतो. तो मुंग्या नेतात.

मला आता कपाटात ठेवत नाहीत. मी ओसरीवर असते, दार उघडं. उन्हाने माझा हिरवा रंग उडालाय, मूठ सैल झालीय. कोतोने चालायला लागलीय. ती माझ्यात रांगत शिरते, आत एक गिरकी घेऊ बघते, अडकते, आणि हसत उलटी बाहेर येते. आजी ते बघते आणि नजर दुसरीकडे वळवते. घरात दुसरा कुत्रा आला नाही. येईल असं वाटत नाही.

चिनात्सू बाळाच्या लशीला गेली की रांगेतल्या बायकांना पेटीचं हे सगळं सांगते. बऱ्याच जणी मान हलवतात, हो म्हणतात. ती पण डॉक्टरीणबाईंना तशीच हो म्हणाली होती, म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नसतो.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. पेटी घ्यायला जाल तेव्हा मोजपट्टी आधी आपल्या जनावराच्या पाठीला लावा, घरातली जागा मग बघा. आणलीत की तिचं दार उघडं ठेवा, आत त्याचं फडकं घाला, त्याला तिथं झोपेची सवय लागू दे. तिच्यात दुसरं काही भरू नका. आणि ज्या घरात कुत्रं आहे, मांजर आहे, त्या घरापर्यंत हे पोचवा. मला चालता येत नाही, मला कोणीतरी उचलून न्यावं लागतं. पण तुम्ही आज संध्याकाळीच शेजारी जाऊन सांगू शकता.