माईंचा बंब

चिंतामणी टिपणीस अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होता, पण त्याचा जीव सगळा रंगखात्यात. दुपारच्या सुट्टीत डबा संपवून तो तिकडे जाऊन उभा राहायचा. तिथे हवेच्या पिस्तुलाने पत्र्यावर रंग मारायचे आणि तो दुधावर साय धरावी तसा बसायचा. चिंतामणीला स्वतःला सायकली रंगवायचा नाद होता. बुवापाड्यातले कामगार आपल्या गंजक्या सायकली त्याच्याकडे आणून टाकत आणि रविवारी मांडी घालून तो त्या ब्रशाने रंगवी. पण ब्रशाचे केस रंगात अडकत, ओघळ येत, आणि इतकं करून सायकल जवळून पाहिली की सारवल्यासारखी दिसे. याचं त्याला फार वाईट वाटायचं.

तो राहायचा शिवमंदिराच्या रस्त्याला, विष्णुपंत दात्यांच्या घरात. पुढे घरमालक, मागच्या दोन खोल्यांत चिंतामणी, त्याची बायको वृंदा आणि आई. आईला सगळी आळी माई म्हणायची. खोल्यांना लागून जुना गोठा होता. गाई कधीच्या गेल्या होत्या, तिथे चिंतामणीने आपलं कामाचं सामान मांडलं होतं. विष्णुपंतांची त्याला हरकत नव्हती. अट एकच, गोठ्यात यंत्र आणायचं नाही. आधीच्या भाडेकरूने तिथे पिठाची गिरणी घातली होती. तिच्या धडधडीने मधली भिंत तडकली आणि विष्णुपंतांची दुपारची झोप मोडली. भिंत त्यांनी बुजवून घेतली, पण झोपेचं दुःख ते अजून सांगत असत.

दसऱ्याच्या आधी चिंतामणी उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात खिळे आणायला गेला आणि तिथे एका सिंधी व्यापाऱ्याच्या अंगणात त्याला रंगाच्या पिस्तुलाला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर दिसला. लढाई संपल्यावर लष्कराने विकून टाकलेला माल होता. चार पायांवर आडवी, पोटुशी टाकी, तिच्या पाठीवर एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला मोटर, आणि मध्ये पट्टा. व्यापाऱ्याने टाकीवर थाप मारली आणि म्हणाला, "साईं, फौज का माल है. आपके बाद भी चलेगा." चिंतामणीने खिळे घेतलेच नाहीत.

कोंडाजीच्या बैलगाडीत पेंढ्याखाली घालून त्याने ते यंत्र घरी आणलं. विष्णुपंत नेमके फाटकात उभे होते. एवढा पेंढा कोणत्या जनावरासाठी, असं म्हणत त्यांनी तो काठीने बाजूला सारला. चिंतामणीने वाटेत काहीतरी सबब रचायला हवी होती, पण त्याच्या डोक्यात सगळी वाट रंगाचेच विचार होते. कोंडाजीने बैलांच्या मानेवरच्या माश्या हाकायला सुरुवात केली.

तेवढ्यात मागच्या दारातून माई बाहेर आल्या. "बंब आहे, विष्णुपंत," त्या म्हणाल्या. "विजेचा. माझे गुडघे धरतात. गरम पाण्याशिवाय निभत नाही, म्हणून आणवला."

माईंनी ती वस्तू जन्मात पहिल्यांदा पाहिली होती. विष्णुपंतांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि पंपाकडे काठी करून हे काय, असं विचारलं. ते तापतं, माई म्हणाल्या. मग चाकाकडे काठी गेली. ते फिरतं. शेवटी काचेखाली काटा असलेल्या गोल तबकडीवर काठी येऊन थांबली. माई म्हणाल्या, पाणी किती तापलं ते त्या घड्याळात कळतं. विष्णुपंतांचं समाधान झालं. त्यांनी स्वतः उतरवायला हात लावला.

आत आल्यावर चिंतामणीने आईला विचारलं, हे तू काय बोललीस. माई म्हणाल्या, मी माझं काम केलं, आता तू तुझं कर.

पुढचा सगळा रविवार बसवण्यात गेला. गोठ्याची जमीन उंचसखल होती, म्हणून त्याने एक शहाबादी फरशी बसवली आणि वर पाण्याची ताटली ठेवून ती सपाट आहे का ते पाहिलं. हादरे जमिनीत जाऊ नयेत म्हणून टाकीच्या प्रत्येक पायाखाली जुन्या टायरचे तुकडे दिले. पंपात तेल भरलं. दोन्ही चाकं एका रेषेत यायला हवी होती, नाहीतर पट्टा उडतो. वृंदाने दोरीचं एक टोक धरलं, त्याने दुसरं, आणि मोटर केसाकेसाने सरकवत ती रेषेत आणली. बटण दाबलं तर चाक उलटं फिरलं. तारा बदलल्या, मग सुलटं फिरू लागलं. घरातला दिवा तेवढ्यात मंदावला आणि पुन्हा नीट झाला. चिंतामणीने सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, कुठे बुडबुडे येतात का ते पाहिलं, आणि शेवटी वरच्या सुरक्षेच्या झडपेची कडी ओढून पाहिली. इंजिनाने वाफ सोडावी तसा आवाज झाला. वृंदा हसत हसत स्वयंपाकघरात पळाली.

विष्णुपंत आलेच. हा आवाज कसला म्हणून विचारू लागले. माई म्हणाल्या, बंब भरला की सांगतो. विष्णुपंतांनी पंपातून निघालेल्या नळीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. नळी चांगलीच तापली होती. आता पाणी बघू, ते म्हणाले. चिंतामणीने टाकीच्या बुडाची तोटी उघडली. आत हवा दाबली की थोडं पाणी साचतंच. त्यातलं दोन ओंजळी तांबूस पाणी थुंकल्यासारखं बाहेर पडलं. पहिल्यांदा गंज जातो, माई म्हणाल्या.

त्या दिवसापासून विष्णुपंतांना त्या बंबाचा अभिमान वाटू लागला. आपल्या घरात विजेचा बंब आहे, लष्करी, हे त्यांनी देवळातल्या गुरवाला सांगितलं, पोस्टात सांगितलं, वाण्याला सांगितलं. गोठ्यातून घरघर ऐकू आली की ते ओटीवर बसलेल्या पाहुण्याला म्हणत, माईंचं पाणी तापतंय. माई दिवसातून इतक्या वेळा आंघोळ का करतात, हे विचारणं बरं दिसत नसल्यामुळे कोणी विचारलं नाही. इकडे चिंतामणीच्या सायकली हवेच्या पिस्तुलाखालून आरशासारख्या होऊन बाहेर पडू लागल्या.

मग दिवाळी आली. विष्णुपंतांची मुलगी कुंदा त्याच वर्षी लग्न होऊन कल्याणला गेली होती आणि जावयाचा पहिला दिवाळसण होता. विष्णुपंतांनी माईंना येऊन सांगितलं की जावईबापूंचं अभ्यंगस्नान तुमच्या बंबाच्या पाण्याने करायचं ठरवलं आहे. माई म्हणाल्या, त्यात काय विचारायचं.

चिंतामणी जेवायचा थांबला. खोटं बोलणं आईचं होतं, पण ते बसवायचं काम त्याच्याकडे आलं होतं. गोठ्याच्या पलीकडे स्वयंपाकघर होतं. त्याने मधल्या भिंतीला भोक पाडलं, चुलीजवळ उंच ओट्यावर तांब्याचा हंडा ठेवला, त्यातून नळी काढून भिंतीपलीकडे टाकीच्या मागून नेली आणि टाकीच्या बगलेशी तोटी बसवली. नळीला टाकीचाच करडा रंग दिला. कॉम्प्रेसर बसवायला लागले त्याहून जास्त कष्ट त्याला या तोटीने दिले, आणि तरी ती गळत होती.

नरकचतुर्दशीला पहाटे वृंदा चुलीशी बसली. चिंतामणी बंब सुरू करायला म्हणून गोठ्यात थांबला. तेल, उटणं लावलेला जावई पंचा नेसून आत आला. त्याचं नाव मधू. तो रेल्वेच्या वर्कशॉपात होता, ही गोष्ट चिंतामणीला कोणी सांगितली नव्हती.

मधूने टाकीकडे पाहिलं. मग पंपाकडे, पट्ट्याकडे, आणि मग टाकीच्या बगलेच्या तोटीकडे. तिच्यापासून मागे जाणारी नळी त्याने डोळ्यांनी भिंतीपर्यंत नेली. भिंतीपलीकडे वृंदा चुलीत फुंकर घालत होती.

"झडप किती पाउंडाला सुटते?" त्याने हळूच विचारलं.

"शंभर," चिंतामणी म्हणाला.

"रंगाला?"

"हो."

बाहेरून विष्णुपंतांनी विचारलं, पाणी कसं आहे. मधूने तोटीखाली हात धरला आणि मोठ्याने सांगितलं की अशी सोय आमच्या साहेबाच्या बंगल्यातही नाही. मग तो पाटावर बसला, चिंतामणीला म्हणाला, जरा पाठीवर तांब्या घाला, आणि आंघोळ करता करता आपली किंमत सांगितली. सासऱ्यांनी लग्नात त्याला सायकल दिली होती आणि ती स्वतः शेंदरी रंगवून घेतली होती. सगळं वर्कशॉप त्याला मारुती म्हणत असे. भाऊबीज करून परत जायच्या आधी त्याला ती गडद निळी होऊन हवी होती, आणि सासऱ्यांना कळता कामा नये.

पाडव्याच्या दुपारी श्रीखंड खाऊन विष्णुपंत आडवे झाले. आता हे तिन्हीसांजेशिवाय उठत नाहीत, अशी ग्वाही मधूने दिली. दोघांनी सायकलची चाकं सोडवली, सांगाडा आढ्याला टांगला आणि कॉम्प्रेसर सुरू केला. पण विष्णुपंत उठले. घरघर ऐकून त्यांच्या मनात आलं की बंब तापलाच आहे, तर आपणही अंग शेकून घ्यावं. खांद्यावर पंचा टाकून ते आले आणि त्यांनी गोठ्याचं दार ढकललं.

चिंतामणी दचकून वळला. त्याचं बोट पिस्तुलाच्या घोड्यावर होतं ते तसंच राहिलं. विष्णुपंतांचं पांढरं धोतर गुडघ्यापासून पोटापर्यंत सुरेख, एकसारखं निळं झालं. एकही ओघळ आला नाही.

चिंतामणीने बटण बंद केलं. घरघर एकदम मध्येच थांबली म्हणून माई पाहायला आल्या.

"माई, हा बंब नाही," विष्णुपंत म्हणाले.

"नाही."

"मग काय आहे?"

माई चिंतामणीकडे वळल्या. "काय रे, काय म्हणतात याला?" त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

चिंतामणीने सांगितलं, कॉम्प्रेसर. हवा दाबून भरतो. विष्णुपंतांनी टाकीवर काठी वाजवून पाहिली. म्हणजे गावभर मी ज्याचं कौतुक सांगतो त्याच्या पोटात नुसती हवा, ते म्हणाले. आणि उद्याच्या उद्या हे यंत्र माझ्या घरातून गेलं पाहिजे.

"कोंडाजीला गाडी आणायला सांगते," माई शांतपणे म्हणाल्या. "फक्त लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, ते तुम्ही सांगा. बंबाची गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकलीय सगळ्यांनी."

विष्णुपंत पालथ्या खोक्यावर बसले. गुरव, पोस्टमास्तर, वाणी, असे एकेक त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. मधूने हलकेच आठवण करून दिली की त्याच्या वडिलांनाही कार्तिकी पौर्णिमेच्या स्नानाचं आमंत्रण गेलं आहे. विष्णुपंतांनी मान वर केली, आणि तेव्हा कुठे त्यांचं लक्ष आढ्याला टांगलेल्या सायकलकडे गेलं. अर्धी निळी, अर्धी शेंदरी.

मग त्यांनी शेंदरी रंगात काय वाईट होतं, असं विचारलं. मधूने खरं ते सांगितलं.

"लांबून दिसावी म्हणून लावला होता," विष्णुपंत म्हणाले. "कल्याणच्या रस्त्याला ट्रक बेफाम जातात. निळी सायकल संध्याकाळी कोणाला दिसणार आहे?"

मधू हातातल्या फडक्याच्या उगाच घड्या घालत राहिला. शेवटी चिंतामणी म्हणाला की मागचं मडगार्ड शेंदरी ठेवता येईल. ट्रक मागूनच येतात. विष्णुपंतांनी त्यावर विचार केला, मग उठून स्वतः कागद घेतला आणि मडगार्डावर निळा शिंतोडा उडू नये म्हणून तो धरून उभे राहिले. धोतर तर वाया गेलंच होतं. थोड्या वेळाने त्यांनी पिस्तुलही मागून घेतलं आणि खोक्याचा एक कोपरा निळा केला. त्यांच्या चेहऱ्यावरून ते फार काळ रागात राहतील असं वाटेना. दुपारी जेवणापासून चहापर्यंत यंत्र बंद, एवढं त्यांनी बजावलं. बाकी बाहेरच्यांसाठी तो बंबच.

कार्तिकी पौर्णिमेला व्याही आले. त्या दिवशी वृंदाला चुलीशी बसावं लागलं नाही. विष्णुपंत स्वतः स्वयंपाकघरात बसून लाकडं सारत होते आणि चिंतामणीला खुणेने सांगत होते, आता घरघर कर, आता बंद कर. व्याह्यांची आंघोळ झाली. ते लाल होऊन बाहेर आले आणि ओटीवर बसून म्हणाले की मलाही असाच एक आणून द्या, कल्याणला नेतो. चिंतामणीने आईकडे पाहिलं. माईंनी तोंड उघडलं होतं, पण विष्णुपंतांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"तुमच्याकडे नाही चालायचा," ते व्याह्यांना म्हणाले. "याला अंबरनाथचंच पाणी लागतं."