नवी बोरफळी पहिली आली

भूकंपानंतर नवी बोरफळी वसली तेव्हा गावाला घरं मिळाली, रस्ते मिळाले, बालवाडीला घसरगुंडी मिळाली. पाणी मात्र जुन्या गावातच राहिलं. गाव पडलं, गावचा आड काही पडला नाही. त्यामुळे माणसं राहायची नव्या गावात आणि पाण्याला जायची जुन्या गावात. घरं तर इतकी एकसारखी, की बसवराज एकदा शेतातून येऊन जेवायला बसला आणि अर्धी भाकरी खाल्ल्यावर त्याला कळलं, वाढणारी आपली बायको नव्हे.

गौरम्माचं घर अगदी कडेचं. नवं गाव वसलं तेव्हापासून ती घागर घेऊन पडक्या भिंतींमधून आडावर जात होती. आता गुडघे बोलायला लागले होते. तिला दुसरं काही नको होतं, दारात नळ हवा होता. मरताना तोंडात घालायचं पाणी तरी आपल्या दारातलं असावं, एवढंच तिचं म्हणणं.

अशात बातमी आली, की गावांची शाश्वत प्रगती मोजणार आहेत. पर्यावरण किती राखलं, दुष्काळात तग किती धरता, पाण्याच्या वाटपात न्याय आहे की नाही, असे प्रश्न घरोघरी विचारून गावाला गुण देणार. दुसऱ्या मुलखात लोकांनी जे आहे ते सांगून टाकलं असतं. पण हा लातूर जिल्हा, आणि वर्षं ती क्लासांची. लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत क्लास, वर होस्टेल, खाली मेस. पोरांना रांधून घालायला आया गाव सोडून तिथे खोल्या घेऊन राहत. 'गुण' हा शब्द कानावर पडला की माणूस पाठांतराला बसायचा.

शरदचंद्र सर लातूरच्या क्लासमध्ये जन्मभर भौतिकशास्त्र शिकवून गावी परतले होते. त्यांनी त्याच संध्याकाळी समाजमंदिरात क्रॅश कोर्स सुरू केला. कुठून तरी जुनी प्रश्नावली मिळवली, सराव परीक्षा लावल्या, पाठांतरात कच्च्या घरांची वेगळी तुकडी केली. गौरम्मा पहिल्या रांगेत. तिला अक्षर येत नव्हतं, पण पंचक्रोशीतल्या सोयरिकी तोंडपाठ होत्या. प्रश्नावली म्हणजे तिच्यासाठी किस झाड की पत्ती.

"पाणी कुठून येतं?" सरांनी विचारलं.

"आडावरनं."

"चूक. अपेक्षित उत्तर?"

"नळानं," गौरम्मा म्हणाली. मग जरा थांबून, "पण मास्तर, नळ कुठं हाय?"

"ते प्रश्नपत्रिकेत नाही."

न्यायाचा प्रश्न मात्र तिने स्वतःच्या अकलेने सोडवला. सगळ्या वस्त्यांना पाणी सारखं मिळतं का, तर व्हय, सारखंच मिळतं, कुणालाच न्हाई. सरांनी तिला 'सारखंच'पाशी थांबायला शिकवलं.

मोजायला नांदेडच्या कार्यालयातून अंबरीश नावाचा मुलगा आला. गौरम्मा नुकतीच आडावरून आली होती. कमरेवर भरली घागर, पदर ओला, आणि तशीच दारात उभं राहून तिने "नळानं" म्हणून खणखणीत सांगितलं. अंबरीशने टॅबवरून मान वर केली नाही.

नवी बोरफळी विभागात पहिली आली, आणि घरांमध्ये गौरम्माचं घर पहिलं. हलगी वाजली, पेढे वाटले. निलंग्याच्या स्टँडवर गौरम्माचा फोटो लागला. तिने जन्मात न पाहिलेल्या लातूरच्या एका क्लासनेही 'आमची विद्यार्थिनी' म्हणून तिचा फलक लावला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. गावात तेवढंच आलं.

कारण पुढच्या आठवड्यात कळलं, की नळयोजना सगळ्यात कमी गुणांच्या गावाला आहे. ती करडवाडीला गेली. करडवाडीत कुणी सर राहत नव्हते, त्यामुळे तिथले लोक खरं बोलले होते.

गौरम्मा सरांच्या ओट्यावर येऊन बसली. "मास्तर, नापास झालो असतो तर नळ होता व्हय?"

सर आतून कागद घेऊन आले. मग त्यांनी फेरतपासणीचा अर्ज लिहिला आणि दोघं एसटीने नांदेडला गेले. कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला. गौरम्माने साफ सांगितलं, की मी खोटं बोलले, आमचे गुण कमी करा. साहेब समजुतीने म्हणाले, "बाई, लोक गुण वाढवून मागतात. कमी करायची तरतूदच नाही." उलट त्यांनी आनंदाची बातमी दिली. बोरफळी आता आदर्श गाव आहे, बघायला ठिकठिकाणचे लोक येतील.

आलेही. आणि त्यांना नळ बघायचा होता. मग कार्यालयाने गौरम्माच्या भिंतीला नळ बसवला, भिंतीमागे टाकी ठेवली, आणि पाहुणे यायच्या दिवशी सकाळी निलंग्याचा हनीफभाई टँकर आणून ती भरू लागला. पाहुणे नळ सोडून बघत, फोटो काढत आणि जात. उरलेलं पाणी गल्ली भरून घेई.

गावाला पाहुण्यांचा लळा लागला. सरांनी लातूरच्या क्लासांना पत्रं लिहून पोरांच्या सहली मागवल्या. माहूरला निघालेल्या गाड्यासुद्धा लोक हात करून थांबवू लागले. जरा पर्यावरण बघून जा, देवी कुठं जात नाही, म्हणायचे. पण परीक्षा झाल्या, होस्टेलं रिकामी झाली, उन्हाळा लागला आणि कुणी येईना. नळ आटला. गौरम्मा एक घागर आणायला जाई ती दुपार करून परते. एकदा पडक्या चावडीपाशी बसली ती बसवराजने बैलगाडीतून घरी आणली.

आणि दुसऱ्या वर्षीची मोजणी आली. सरांनी या खेपेला नापासांचा क्लास घेतला. आता अपेक्षित उत्तर 'आडावरनं'. गौरम्माला ते पाठ करावं लागलं नाही. पण मोजणी म्हटल्यावर सकाळीच हनीफभाई टाकी भरून गेला होता.

अंबरीशने विचारलं. गौरम्मा म्हणाली, "आडावरनं." या वेळी मात्र त्याने मान वर केली, भिंतीवरचा नळ सोडला. धार लागली.

"आजी, पाणी तर येतंय."

"तुमी आलात की येतं."

अंबरीशने टॅबवर खालवर शोधलं. असा पर्याय नव्हता. त्याने 'नळाने'वर बोट ठेवलं. सर पुढे होऊन त्याला भूकंपापासूनची हकिकत सांगू लागले. गौरम्माने नळाखाली घागर लावली आणि विचारलं, "लेकरा, उद्या हाईस का?"

"नाही आजी. उद्या करडवाडी."

गौरम्माने आत जाऊन बाज आणली, लिंबाखाली टाकली, वर सतरंजी अंथरली. उन्हाचं कुठं जातोस, म्हणाली, टेक जरा. ज्वारीची भाकर आणि शेंगांची चटणी समोर ठेवली. पोरगं सकाळपासून उपाशी होतं, बूट काढून जेवायला बसलं. जेवून डोळा लागला. जागा होऊन बघतो तर बूट नव्हते. ते गौरम्मासकट घरात, आतून कडी लावलेल्या खोलीत आहेत, असं सरांनी त्याला खाली मान घालून सांगितलं.

संध्याकाळी रिकामा टँकर घेऊन परतताना हनीफभाईने दारात गाडी थांबवली आणि उद्या यायचं नाही ना, म्हणून विचारलं.

"ये," गौरम्मा आतून म्हणाली. "साहेब हाईत."