बारा दिवसांच्या भाकऱ्या

मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसे नागुबाईंनी ते रबरी बूट दोन बोटांत उचलले आणि दाराशी नेऊन ठेवले. बॅगेत रिकाम्या झालेल्या जागी कडक भाकऱ्यांचा डबा बसवला. डबा नेमका बसला.

"अन् तिथं पायात काय घालशील?" त्यांच्या नवऱ्यानं, विरुपाक्षअप्पांनी, विचारलं. दुकानातला वजनकाटा हातात घेऊन ते मघापासून उंबऱ्यात उभे होते. विमानात तेवीस किलोच्या वर काही नेता येत नाही, असं मुलानं, शंभुराजनं, मँचेस्टरहून फोनवर दहादा बजावलं होतं.

"चपला हायेत की."

"चपला! मँचेस्टर हाय ते. ऐन थंडीत पाऊस असतो म्हणं तिथं, रोजच्या रोज. पालमच्या बाजाराला निघालीस का तू?"

"पाऊस मी पाह्यलाच न्हाई जसा," नागुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. चढवायची त्यांना गरजच पडली नव्हती.

शंभुराजचा एक मित्र सुटीला परभणीला आला होता; परवा त्याच्याच सोबतीनं नागुबाईंना निघायचं होतं. त्याच्या हाती सुनेनं, महेश्वरीनं, हे गाठोडं धाडलेलं. बूट, मेणकापडासारखा कोट, हातमोजे, कानटोपी, आत घालायची बंडी. वर फोनवरून शिकवणी: "एकावर एक कपडे घालायचे, आत्याबाई. तीन तरी."

माणूस हाय का कांदा? नागुबाईंनी हे मनातच म्हटलं. चार वाजता जिथं अंधार पडतो आणि आंघोळीला जिथं मुहूर्त लागतो, त्या गावानं आपल्याला नेसायला शिकवावं!

पण खरी अढी कपड्यांची नव्हती. महेश्वरी झरी गावची, चांगल्या घरातली. लिंगायतांच्या रीतीनं लहानपणीच जंगमाच्या हातून गळ्यात लिंग बांधलेली. लग्नात तिच्या गळ्यातला चांदीचा चौका, लिंग ठेवायची डबी, सगळ्यांनी पाहिला होता. तिकडे गेल्यापासून मात्र फोनच्या पडद्यावर तिचा गळा दिसे तो भुंडा. चौका नाही, दोरा नाही. दोन वर्षं नागुबाई पाहत होत्या आणि एका शब्दानं विचारत नव्हत्या. विचारायचं त्याला, ज्याच्याकडून काही अपेक्षा असते.

ज्यानं अंगावरचं लिंग उतरवलं त्याच्या हातचं पाणी घेऊ नये, हा नेम त्यांना सासूनं दिला होता. पंचेचाळीस वर्षं पाळलेला नेम एका विमानापायी मोडायचा? म्हणून बारा दिवसांच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि आपल्या हातानं नळावर भरून घ्यायला तांब्या. भांडायचं नाही, बोलायचं नाही. सगळे जेवायला बसले की आपला डबा उघडायचा. बस्स.

"शंभूची माय," अप्पा खाली बसत म्हणाले, "पोरगं दोन वर्सांनी बोलवायलंय. त्याच्या घरी जाऊन बायकोच्या हातचं पाणी न पिता आलीस, तर पुन्हा बोलवायचं न्हाई ते. लक्षात ठेव."

"मी कुठं काय बोलनार हाय?"

"तेच की. बोलली असतीस तर बरं होतं. तुझं न बोलणं लय लागतं मान्साला."

त्यांनी बॅग काट्याला अडकवून उचलली. सव्वीस भरली.

"तीन किलो काढ," असं म्हणून ते गिऱ्हाइकाच्या हाकेला दुकानात गेले.

नागुबाईंचा हात भाकऱ्यांकडे गेला नाही. तो गेला करड्या रंगाच्या आतल्या बंडीकडे. बाकीचं सगळं नवं कोरं होतं. ही तेवढी वापरून विटलेली. महेश्वरी वर म्हणाली होती, "ती माझीच हाय, आत्याबाई. तीच घाला. नव्यात तुमाला जमायचं न्हाई." सासूला उतरलेले कपडे धाडायचे, आणि वर ही मखलाशी! फरशी पुसायला बरी, म्हणून त्यांनी ती उलटी करून झटकली.

बोटं कशात तरी अडकली.

आतून, डाव्या बाजूला, छातीशी एक खिसा होता. हातानं शिवलेला, पांढऱ्या मऊ सुती कापडाचा. एका कडेला उसवून पुन्हा शिवलेला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. सुतावर चांदीनं पडलेला काळसर डाग होता, शिवणीत भस्माचे कण अडकलेले. दोरा ओवून खाकेखालून न्यायला कडेला दोन बारीक फासे.

नागुबाईंनी आपल्या गळ्यातला चौका पदराखालून काढला. दोरा गळ्यात तसाच ठेवून डागावर टेकवला. डाग नेमका चौक्याच्याच मापाचा भरला.

अप्पा परत आले तेव्हा भाकऱ्यांचा डबा बाहेर निघाला होता.

"हे तुमी खा," त्या म्हणाल्या. "बारा दिवस कोन करून घालनार हाय तुमाला? अन् ते बूट द्या इकडं."

अप्पांनी बूट दिले. पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं.

"अन् तांब्या?"

तांब्या घेऊन नागुबाई आत गेल्या आणि जागच्या जागी पालथा घालून आल्या. बंडीची नीट घडी केली, खिसा आत येईल अशी, आणि बॅगेत सगळ्यांत वर ठेवली.

"टाके मात्र वाकडे घातलेत पोरीनं," त्या हळूच म्हणाल्या.