दहा मिनिटं गप्प

मी

दर बुधवारी चार वाजता, लिमफ्योर्ड खाडीच्या काठावरच्या आमच्या वाचनालयात, मी सात जणांना गोष्ट लिहायला शिकवते. नियम दोनच. वाचून झालं की लेखकानं दहा मिनिटं गप्प बसायचं. आणि चर्चेत ‘तू’ म्हणायचं नाही, ‘निवेदक’ म्हणायचं. लिहिणारा वेगळा, गोष्टीतला ‘मी’ वेगळा. वीस वर्षं हेच सांगत आले.

ऑक्टोबरात सोल्वायनं वाचलं. पन्नाशीची, बोटं कायम बाहीत ओढलेली. गोष्टीतली बाई म्हणते: माझा नवरा रोज संध्याकाळी माझ्या गाडीचे किलोमीटर वाचतो. वाचनालय जाऊन-येऊन बारा. तेराव्याचा जाब द्यावा लागतो. जाब पटला नाही, तर तळघराचा जिना आहेच.

आम्ही

“नवरा फारच काळा रंगवलाय,” प्रेबेन म्हणाला. बंदरावरून निवृत्त झालेला माणूस. “त्याचीही काही बाजू असेल की! ही निवेदिका सांगते ते सगळं खरं कशावरून?”

“आमचा नवरा तर जिना चढतानाच धापा टाकतो,” वर्गातली ओसे म्हणाली. “ढकलायला दम कुठून आणणार?”

सगळे हसले. मीही.

सोल्वायनं तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. अजून चार मिनिटं होती.

वेळ संपल्यावर म्हटलं, “हं, बोल आता.”

“काही नाही,” ती म्हणाली.

मी तिला गृहपाठ दिला: हाच प्रसंग नवऱ्याच्या नजरेतून.

जाताना सगळ्यांनी आपापली प्रत तिला परत केली, समासात पेन्सिलीनं शेरे लिहून. आमची तशी रीतच आहे. माझी धरून सात प्रती तिच्या पिशवीत गेल्या.

तो

पुढच्या बुधवारी केक आणायची पाळी तिची होती. सफरचंदाचा आणला. डाव्या हाताला बँडेज होतं, म्हणून प्रेबेननं कापला. मग तिनं वाचलं:

‘माझी बायको वेंधळी आहे. वाटा चुकते, पायऱ्या चुकते. मी किलोमीटर बघतो ते काळजीपोटी. काळजी करणाऱ्याचे हाल कुणाला कळत नाहीत.’

“आता कसं पटलं!” प्रेबेन म्हणाला. टाळ्या झाल्या. मी बँडेजकडे बघत होते आणि मनात शब्द जुळवत होते: विश्वासार्ह आवाज.

त्यानंतरच्या बुधवारी ती आली नाही. नवरा आला, केकचं ताट न्यायला. उंच, मऊ आवाजाचा हेल्गे.

“ती आता नाही येणार. थकते फार. पण दुसरी गोष्ट छान जमली, नाही? मीच बसलो होतो शेजारी.”

“आणि पहिली?”

“तीही वाचली. सातही प्रती.” तो हसला. “समासात तुझंच अक्षर ना? ‘नवरा पटत नाही’. अगदी खरं लिहिलंस.”

ताट मी धुऊन ठेवलं होतं. ते त्याच्या हातात दिलं.

तो गेल्यावर मी पोलिसांना फोन केला. पलीकडच्या मुलीनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “तू स्वतः काय पाहिलंस?”

“बँडेज. आणि एक गोष्ट ऐकली.”

“तिनं तुला काही सांगितलं?”

तिनं तोंड उघडलं होतं, हे मी सांगितलं. सोल्वाय, संध्याकाळी तुमच्याकडे पोलिसांची एक गाडी येऊन गेली. दार तूच उघडलंस म्हणे. सगळं ठीक आहे म्हणालीस.

तू

सोल्वाय, रविवारी मी वाचनालयापासून गाडीनं तुझ्या घरी आले होते. तुझी गाडी अंगणात नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीत तू उभी होतीस, मागे तो. त्यानं हात हलवला. मग तूही हलवलास, बँडेजचा.

मी इंजिन बंदसुद्धा केलं नाही. वाचनालयापाशी परत आले आणि जाऊन-येऊन किती किलोमीटर झाले ते पाहिलं.

बारा.