तोंडात पाणी धरून

"सांडलं! अहो, ओठ हलले तुमचे. घ्या परत घोट!"

हातातलं खुरपं न थांबवता बायको ओरडली. बांधावर पुस्तक घेऊन बसलेल्या भोंग्याच्या हनुवटीवरून पाण्याचा ओघळ सदऱ्यात उतरला.

गावानं त्याला भोंगा हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. वाचायला शिकला तोच मुळी लग्नानंतर, आणि तेही मोठमोठ्यानं. तेव्हापासून दुकानाची पाटी असो की खताची गोणी, हा गडी खणखणीत वाचणार. बायकोला अक्षर येत नव्हतं, पण त्याच्यामागून फिरून तिला अख्ख्या बाजारातल्या पाट्या पाठ झाल्या होत्या.

नडलं ते मोटरसायकलच्या लायसनपायी. डेअरीत वाड्यावस्त्यांवरून दूध आणायचं काम निघालं होतं. मॅनेजर म्हणाला, "आधी लायसनची परीक्षा पास हो." आरटीओत भोंग्यानं कम्प्युटरच्या पडद्यावरचा पहिलाच प्रश्न दणक्यात वाचला, वर उत्तरही सांगून टाकलं. साहेब खवळला, "मनात वाच!" तोंड मिटलं तशी अक्षरं जागची हलेनात. वेळ संपली, नापास. दुसऱ्या खेपेला तर पुटपुटतो म्हणून दंडाला धरून बाहेर काढलं.

"सगळं येतं गं मला," तो कळवळून म्हणाला. "मनात वाच म्हणे! मनाला काय डोळे असतात?"

मग पाण्याची शक्कल बायकोनं काढली. तिला वाचता येत नसलं तरी सांडलेलं पाणी दिसत होतं. ऊन रणरणायचं, ढेकळं पायाला चटके द्यायची आणि हा गाल फुगवून पुस्तकाकडे बघत बसायचा.

"पिकाला पाणी पुरेना, आणि तुम्ही सदऱ्याला पाजताय!" ती वैतागून म्हणायची.

त्यात मॅनेजरचा निरोप आला, "या खेपेला नाही जमलं तर दुसरा माणूस बघतो."

परीक्षेच्या दिवशी भोंगा तोंड पाण्यानं भरूनच आरटीओच्या दारात उभा राहिला.

"नाव?" शिपायानं विचारलं. भोंग्यानं कागद पुढं केला.

"तोंड नाही का तुला?"

गटकन पाणी पोटात गेलं. भोंग्यानं नाव सांगितलं, घाबरून रिकामेच गाल फुगवले आणि आत जाऊन बसला.

बाहेर थांबलेल्या बायकोसमोर आला तरी गाल फुगलेलेच.

"काय झालं? अहो, बोला की! जीव घेता का माझा?"

फुस्सकन हवा सुटली. "पास!"

परतताना बसच्या खिडकीतून एकामागून एक पाट्या गेल्या. भोंगा गप्प. बायकोनं थोडा वेळ वाट पाहिली, मग चुळबुळली.

"त्या वळणावर नवी पाटी लागली वाटतं. काय लिहिलंय?"

"वाचली की मी."

"कधी?"

"मनात," भोंगा ऐटीत म्हणाला.

बायकोचा चेहरा उतरला. "तुमच्या मनातलं मला कसं ऐकू यायचं? तुम्हाला लायसन मिळालं, आणि माझं वाचन गेलं की हो!"

भोंगा ओशाळला. त्यानं घसा खाकरला, खिडकीला नाक लावलं आणि पुढची पाटी दिसताच आवाज सोडला, "पुढे शाळा आहे! वाहने हळू चालवा!"

ड्रायव्हरनं दचकून ब्रेक मारला.